धुराच्या पाइपाचा उतार

“मनात पाप नव्हतं, तर तो पळाला कशाला, बुवा?”

अच्युतबुवा खाटेवर घोंगडी पांघरून बसले होते. खिडकी सताड उघडी होती आणि बर्फावरून येणारं वारं थेट खोलीत शिरत होतं.

मार्तंड खिडकी लावायला गेला.

“राहू दे,” बुवा म्हणाले. “शिवरामनं उघडलीय.”

“तेच तर सांगतोय मी!”

बुवांनी घोंगडी जरा वर ओढली.

मठ सतलजच्या खोऱ्यात, देवदारांच्या रानाच्याही वर. बुवांचे गुरू कधी काळी कृष्णाकाठ सोडून इथे आले आणि राहिले. मठात अजून मराठी बोललं जातं, आणि आंब्याचं लोणचं दरसाल मिरजेहून येतं. बुवांनी संसार सोडला, लोणचं सोडलं नाही.

मार्तंड दीक्षा मागायला आला होता. कोल्हापूरकडे त्याचा ओतकामाचा कारखाना होता. तो मुलाच्या हाती देऊन हा वर आला. लोखंड खाली ठेवून आला खरा, पण त्याचा ताठा बरोबर घेऊन आला.

शिवराम त्याच्याआधी कितीतरी वर्षं मठात होता. पूर्वी बार्शीला शाळामास्तर. कमी बोलायचा. आणि गप्प माणसावर संशय घेण्याइतकं सोपं काम दुसरं नाही.

सगळं सुरू झालं ते बॉयलरपासून. एका भक्तानं मठाला गॅसचा नवा बॉयलर दिला. दालनाच्या जमिनीखाली नळ्या, नळ्यांत गरम पाणी. दालनात राहणाऱ्या तिघा म्हाताऱ्या साधकांची हाडं पहिल्यांदाच थंडीत उबदार राहिली. पण बॉयलरबरोबर धूर बाहेर न्यायला जो पाइप आला, तो पाहून मार्तंडच्या मनात पाल चुकचुकली.

पाइप प्लास्टिकचा होता.

“धुराला प्लास्टिक?” तो म्हणाला होता. “उद्या शेगडीला मेणाचे पाय लावा!”

“हा बॉयलर धुरातली ऊब काढून घेतो,” शिवराम म्हणाला होता. “बाहेर जातो तो धूर कोमट. हा पॉलिप्रॉपिलीनचा पाइप त्याच्यासाठीच केलेला असतो.” आणि त्यानं चालू बॉयलरच्या पाइपाला गाल लावून दाखवला.

मार्तंडनं ते पाहिलं आणि मनात म्हटलं, गारुडीसुद्धा नाग गळ्यात घालून दाखवतो.

दिवाळीत शिवराम बहिणीच्या आजारपणासाठी गावी गेला. मार्तंडनं तेवढ्यात डाव साधला. पाइपाचा जो तुकडा बुवांच्या खोलीतून, छताखालून जात होता, तो त्यानं काढून टाकला आणि खालच्या बाजारातून जस्ती पत्र्याचा पाइप आणून बसवला. आत लोखंड, वर जस्ताचा मुलामा. निदान बुवांच्या डोक्यावर तरी भरवशाची वस्तू हवी.

शिवराम परत आला. वर पाहून म्हणाला, “मार्तंडराव, पत्रा आणि प्लास्टिक एकत्र चालत नाहीत. काढू या.”

“माझ्या हयातीत नाही.”

शिवरामनं पुन्हा एकदा विनवून पाहिलं. मग तो गप्प झाला. पण रोज संध्याकाळी बुवांच्या खोलीत स्टुलावर चढून तो सांध्यापाशी नाक नेऊन हुंगायचा. मार्तंड दाराआडून पाहायचा. कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं त्याच्या मनानं घेतलं.

आणि आज सकाळी खरंच मुरलेलं दिसलं. बुवांच्या खाटेच्या वरच्या भिंतीवर तपकिरी ओघळ आला होता.

शिवरामनं तो पाहिला. बॉयलर बंद केला. बुवांची खाट ओढून दुसऱ्या भिंतीला नेली. खिडकी उघडली. बुवांच्या कानाशी काहीतरी बोलला, पिशवी उचलली आणि उतार उतरून दिसेनासा झाला. दालनात म्हाताऱ्यांचे दात वाजायला लागले होते.

आता मार्तंड बुवांपुढे उभा होता, आणि त्याच्या कमरेला मठाच्या दाराची किल्ली होती. दिवाळीपासून दाराचं काम त्याच्याकडे होतं.

“बुवा, या थंडीत त्यानं बॉयलर बंद केला. तुमच्या छातीवर वारं सोडलं. पिशवी घेऊन गेला. आता या तीन गोष्टी जोडा.”

“जोडल्या की काय होतं?”

“त्याला तुमची गादी हवीय!”

बुवांनी खाली वाकून पाहिलं.

“ही? कापूस गोळा झालाय हिचा. सांगितलंस का त्याला?”

“थट्टा नको, बुवा. मी तुमच्या जिवासाठी बोलतोय.”

ते मात्र खरं होतं. मार्तंडचा बुवांवर जीव होता. म्हणून तर संशयाला इतकं खतपाणी मिळालं.

“मग काय करावं म्हणतोस?”

“तो परत आला तर दार उघडायचं नाही. एवढी आज्ञा द्या. कायमचा बाहेर.”

बुवांनी भिंतीवरच्या ओघळाकडे पाहिलं.

“ज्याच्यामुळे हे गळलं,” ते म्हणाले, “तो उंबऱ्याबाहेर. चालेल?”

“चालेल.”

“कोणीही असो?”

“कोणीही असो. दार मी स्वतः लावीन.”

“शब्द?”

“शब्द, बुवा.”

बुवांनी काठी घेतली आणि उठले. “चल. कुठं गळतंय ते दाखव.”

मार्तंडनं सांध्याकडे बोट दाखवलं.

“हे प्लास्टिक?”

“नाही, हा माझा पाइप. पण पाणी त्याच्या पाइपातलं! त्या धुराचं पाणी होतं, बुवा, आणि त्यानं पाइपाला उतार दिलाय तो आतल्या बाजूला. बॉयलरकडे! पागोळ्यांचं पाणी कोणी घरात घेतं का?”

“आणि तुझ्या पाइपाचा उतार?”

“बाहेर. जगाच्या रीतीप्रमाणे.”

“म्हणजे बाहेरच्या तुकड्यातलं पाणी आत येतं, आणि तुझ्यातलं बाहेर जातं.”

“हो.”

“आणि इथं भेटतं.”



बुवांनी काठी वर केली आणि जस्ती पाइपाच्या पोटाला टेकवली. मार्तंडचे कान ओळखीच्या आवाजाची वाट पाहत होते. पत्रा टणकन वाजेल, मग तो बुवांना म्हणेल, ऐकलंत?

पत्रा वाजला नाही. पापडात बोट जावं तशी काठी आत गेली.

भोकातून गढूळ पाणी भसकन खाली आलं. बुवांची बाही भिजली, मार्तंडचे पाय भिजले.

बुवांनी ओल्या बाहीला बोट लावलं आणि ते बोट जिभेवर टेकवलं.

“आंबट,” ते म्हणाले. “बघ.”

मार्तंडनं चव घेतली. दात आंबले. आणि त्या आंबटपणाखाली लोखंड होतं. ती चव त्याला कोणी सांगायला नको होती.

“मार्तंडा, ती कोपऱ्यातली बरणी आण.”

त्यानं आणली.

“कशाची आहे?”

“चिनी मातीची.”

“आत काय?”

“लोणचं.”

“तू लोखंडाचा कारखानदार. एवढी वर्षं मठात आहेस. मला लोणच्यासाठी लोखंडाचा एखादा छान डबा का नाही करून दिलास? बरणी फुटते. डबा फुटला नसता.”

 लहानपणी मार्तंड लोणच्याच्या बरणीत लोखंडी पळी विसरला होता. ती निघाली तेव्हा काळी पडून खाल्ली गेलेली होती, आणि आईनं त्याच पळीनं हातावर एक ठेवून दिली होती. एवढं साधं. पाचवी-सहावीतल्या पोरालाही कळेल असं.

त्यानं वर पाहिलं. सांध्याच्या पलीकडे, भिंतीत शिरणारा प्लास्टिकचा तुकडा होता. तेच पाणी आतून वाहूनही करडा, स्वच्छ. त्यावर डाग नव्हता.

मग त्याची नजर भोकावर आली. या भोकातून पाणी येत होतं, तर धूरही येत असणार. काल रात्री त्याच्याच खाली बुवांची उशी होती. खिडकी कोणी उघडली, खाट कोणी सरकवली, रोज संध्याकाळी सांधा कोणी हुंगला, हे सगळं त्यानं पुन्हा जोडून पाहिलं. या वेळी बेरीज निराळी आली.

“बुवा... तो जाताना तुमच्या कानात काय म्हणाला?”

“खालून पाइप आणतो म्हणाला. दुपारपर्यंत येतो.”

“हा तुकडा मी बसवलाय, हे नाही बोलला?”

“नाही.”

“मग तुम्ही मला लगेच का नाही सांगितलंत, की तो पाइप आणायला गेलाय?”

“तू विचारत कुठं होतास? तू सांगत होतास.”

मार्तंडनं कमरेची किल्ली सोडली आणि खाटेवर ठेवली. अंगणात आला, उंबरा ओलांडला आणि मागे वळून दार आपल्या हातानं ओढून घेतलं. शब्द म्हणजे शब्द. तेवढा ताठा मात्र अजून शाबूत होता.

बाहेर बर्फ घोट्यापर्यंत होतं. भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपाच्या तोंडातून रोज पांढरी वाफ निघायची. आज ते तोंड कोरडं होतं. आत कोणीतरी खोकलं. ते बुवा होते, हे त्याला खोकण्यावरून कळलं, आणि शरमेनं त्याची मान आणखी खाली गेली.

ऊन कलायच्या सुमारास शिवराम चढणीवर दिसला. खांद्यावर लांब करडा पाइप होता.

“मार्तंडराव? बाहेर काय करताय? गारठाल.”

“मला आत यायची बंदी आहे.”

“कोणी घातली?”

“मीच.”

 शिवरामनं पाइपाचं एक टोक पुढे केलं. “बरं, हे धरा जरा. दारातून एकट्याला वळवता येत नाही.”

मार्तंड हलला नाही. “शिवराम, तुझ्याबद्दल मी आज बुवांकडे...”

“खांदा अवघडलाय हो. आधी धरा.”

दार उघडलं. बुवा स्वतः उंबऱ्यात उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्यात किल्ली.

“बुवा, मी शब्द दिलाय,” मार्तंड म्हणाला. “ज्याच्यामुळे गळलं, तो बाहेर.”

“तुझा शब्द पाळायला तिघा म्हाताऱ्यांना गारठवू काय? आधी पाइप बसव. मग हवा तितका वेळ बर्फात उभा राहा.”

मार्तंडनं टोक धरलं.

खोलीत त्यानं गंजलेला तुकडा आपल्या हातानं उतरवला आणि अंगणात नेऊन टाकला. टाकतानाही तो वाजला नाही. मग स्टुलावर चढून नव्या पाइपाचं एक टोक त्यानं छताशी धरलं. दुसरं टोक शिवरामच्या हातात होतं. सांध्यातलं रबराचं कडं जागेवर बसवून झालं. आता फक्त वर-खाली करून पाइप पक्का करायचा होता.

मार्तंडचे हात थांबले.

गेले कित्येक महिने तो प्रश्न विचारायचा ते कोणाला तरी पकडण्यासाठी. आज पहिल्यांदा त्याला खरंच काहीतरी माहीत करून घ्यायचं होतं.

“उतार... कुणीकडे?”

 शिवरामनं बुवांकडे पाहिलं.

बुवा खाटेवर बरणी मांडीत घेऊन बसले होते. लाकडी चमच्यानं त्यांनी एक फोड काढली, तोंडात टाकली, डोळे मिटले...

“आत, आपल्याकडे, मार्तंडा. आंबट पाणी जिथून निघालं, तिथंच परत यायला हवं.”