अर्ध्या वाटेत संपणारं पाणी

एका डोंगराच्या पायथ्याशी, लाल मातीच्या कडेला, कुंभारांची अकरा घरं होती. अकरा घरांनी मिळून एकच मोठी भट्टी बांधली होती. माती सगळ्यांची, सरपण सगळ्यांचं, आणि काही ठरवायचं झालं तर दर घराला एक मत. त्यांचा एक नियम होता. भट्टीतला सगळ्यात वरचा थर गावाचा. त्यात भाजलेलं विकायचं नाही, जिथे गरज असेल तिथे द्यायचं. कधी शाळेला रांजण, कधी कुणाच्या गळक्या छपराला कौलं.

एका वर्षी डोंगरावरच्या धनगरवाडीतून बायजा नावाची म्हातारी खाली आली. म्हणाली, "झरा आहे वर, पण वाडीपासून लांब. चैत्र सरायच्या आत पाणी दाराशी आलं नाही तर वाडी उठणार. माणसं जातील कुठेतरी. मी या वयात कुठे जाऊ?"

कुंभारांना वाईट वाटलं. लागोपाठ तीन भट्ट्यांचा वरचा थर त्यांनी मातीच्या नळांनीच भरला. एका बाजूला रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला अरुंद, एक दुसऱ्यात बसणारा. गाढवांवर लादून नळ वाडीच्या वेशीपर्यंत पोचवले आणि सगळे समाधानाने घरी आले.

पंधरा दिवसांनी बायजा पुन्हा दारात.

"नळ टाकले, बाबांनो. पण पाणी अर्ध्या वाटेतच संपतं. दिलंत ते गळकं दिलंत."

थोरल्या कुंभाराला ते फार लागलं. "आमचा नळ गळका? आजी, आजवर असं कुणी बोललं नाही आम्हाला."

"मग मीच पिते वाटतं मधे बसून," बायजा म्हणाली.

लगेच बैठक बसली. उन्हाळ्याचा मोठा बाजार आठवड्यावर आला होता. माठ विकायचे ते याच बाजारात. आता भट्टी थांबवून डोंगर चढायचा म्हणजे वर्षाचा बाजार हातचा जाणार.

"नळ दिले ना?" एक जण म्हणाला. "आता टाकूनही आपणच द्यायचे? उद्या म्हणतील, ओंजळीने पाजा."

सगळे हसले. न जायचं जवळजवळ ठरलंच होतं, तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून कोंडाबाई कुंभारीण बोलली. ती बैठकीत सहसा बोलत नसे.

"अरुंद तोंड उताराकडे ठेवायचं, हे वाडीला सांगितलं कुणी?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीच सांगितलं नव्हतं.

"हे काय सांगायचं असतं?" थोरला म्हणाला.

"मेंढरं राखणाऱ्याला सांगायचं असतं, दादा. तुम्हाला मेंढी कातरता येते का?"

थोरल्याने मतं घेतली. जायच्या बाजूने सहा, विरुद्ध पाच. पण एकदा ठरलं की अकरांचं ठरलं. ओंजळीचा विनोद करणारा कुदळ खांद्यावर टाकत म्हणाला, "मत माझं नव्हतं. पण कुदळ सगळ्यांत चांगली माझीच आहे."

भट्टी विझली. कुंभार चुन्याची पोती घेऊन वर चढले. कोंडाबाईचंच खरं निघालं, सगळे नळ उलटे बसवले होते आणि प्रत्येक सांध्यातून पाणी बाहेर सांडत होतं. कुंभारांनी ते उकरून फिरवले, धनगरांनी चर खोल केला, बायांनी चुना मळून एकेक सांधा लिंपला. खाली बाजार भरला आणि उठलाही. वाडीत मात्र काही घरांनी सामान बांधून घोड्यांवर चढवलं होतं. चैत्राचा शेवटचा दिवस उजाडला होता.

सकाळी झऱ्याचं तोंड मोकळं केलं. वाडीत सगळे शेवटच्या नळाभोवती उभे राहिले. आधी नुसती हवा फुसफुसली. मग लाल गढूळ धार आली. मग पाणी नितळ झालं आणि बायजाची घागर काठोकाठ भरली.

ढोल घुमला. मत विरुद्ध देणारे पाचही जण नाचायला सगळ्यांत पुढे होते. तिथेच, ओल्या पायांनी, थोरल्याने नवा ठराव मांडला, "यापुढे आपली वस्तू जाईल तिथे आपली माणसंही जातील." अकरा हात वर झाले.

आणि बायजाच्या शेजाऱ्याने घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवायला घेतलं.

तात्पर्य: मदत वेशीपर्यंत पोचवून परत फिरू नये. ती कामी येईपर्यंत देणाऱ्यांचे हात तिच्यासोबत हवेत.