गोजरा आत्याच्या डोळ्यातला ठिपका

ही गोष्ट मी आठव्या वर्षी ऐकली. आज मला सकाळचं औषध घेतलं की नाही तेही आठवत नाही, तेव्हा यातलं ऐकलेलं किती आणि माझ्या मनाचं किती, हे खात्रीनं सांगवत नाही. तरी सांगतो.

फार वर्षांपूर्वी उंबरदरीत भिवजी रंगारी बैलगाड्या रंगवायचा. एकदा तो शहरात गेला आणि एका चित्रकाराकडे रंग घोटत घोटत तैलचित्र शिकून आला. सात वर्षं लागली, असं म्हणतात.

पण गावात त्याच्यापुढे कोणी बसेना. भिंतीवर चित्र लागायचं ते मेलेल्या माणसाचंच. शेवटी गोजरा आत्या बसली. ती गावची सुईण. नाळ कापताना विळी लागून तिच्या तर्जनीच्या टोकावर आडवी खूण राहिली होती.

"तुला मी बाहेर काढला, भिवा," ती म्हणाली. "आता तू मला बाहेर काढ."

भिवजीने शिकल्याप्रमाणे आधी सगळा चेहरा राखाडी रंगात उभा केला. कातडीचा रंग त्यावर नंतर चढायचा होता. लोकांना ते काय माहीत!

"मेल्या, जित्या बाईचं मढं काढलंस!" बायका ओरडल्या. आणि त्याच आठवड्यात आत्या तापाने आडवी झाली.

"आत्या गेली तर तूही गाव सोडायचं," पाटलाने बजावलं.

भिवजीला घाई करता येईना. जवसाच्या तेलातला एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही.

"किती थर राहिले?" आत्याने विचारलं.

"पाच."

"मग तेवढी थांबते."

गालांवर तांबूस रंग चढला तसा तिचा ताप उतरला. ओठ रंगले तशी ती पेज मागू लागली, असं म्हणतात. शेवटी उजव्या डोळ्यातला उजेडाचा पांढरा ठिपका उरला आणि भिवजी कुंचला उचलून पुन्हा पुन्हा खाली ठेवू लागला. आत्या अंथरुणातून उठून चालत आली.

"सरक. जन्माला घालणं माझं काम," म्हणाली आणि तिने तो ठिपका स्वतःच्या बोटाने ठेवला. चित्राची पापणी लवली. गावाने भिवजीला खांद्यावर घेतलं, आणि आत्या पुढे वीस वर्षं बाळंतपणं करत राहिली.

उंबरदरीत अजूनही साठी झाली की माणसाचं चित्र काढतात. त्याला हार घालत नाहीत. डोळ्यातला ठिपका ज्याचं चित्र त्यानेच बोटाने ठेवायचा.

पापणीचं मला माहीत नाही. पण गेल्या वर्षी मी भिंग घेऊन आत्याच्या त्या चित्रापुढे उभा राहिलो. पांढऱ्या ठिपक्यात बोटाच्या बारीक रेषा आहेत, आणि त्या रेषा छेदत एक आडवी खूण गेली आहे.