आत कुणी बोलवायचं?

“…पण गुरुजी, पालक आत यायलाच तयार नसेल तर स्वागत करायचं कुणाचं?”

सुकन्याबाईंचा प्रश्न रास्त होता. पहिलीच नेमणूक, त्यात शाळेचा पहिला दिवस. बाईंनी दारात रांगोळी घातली होती, चौकटीला फुगे बांधले होते, औक्षणाचं तबक हाताशी ठेवलं होतं. भाषण तर तोंडपाठ होतं. वर्गात वस्तीवरची सगळी कुटुंबं येऊन बसली होती, एक सोडून.

ठोंबरे गुरुजी या खाणीजवळच्या शाळेचे मुख्याध्यापक, निवृत्तीला आलेले. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

व्हरांड्यात, खांबापाशी, तुळशीराम उभा होता. खाणीत दगड फोडणारा दणकट गडी. त्याचं बोट धरून त्याची वेणू. खरं तर तिनं गेल्या वर्षीच शाळेत यायचं, ते राहून गेलं होतं.

बाई बाहेर गेल्या. “दादा, आत या ना. सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत.”

“हिला न्या. म्या हितंच बरा.”

वेणूनं बोट सोडलं नाही. बाईंनी फुगा दाखवला, तशी ती बापाच्या मागं दडली.

“बघा, तुम्ही आल्याशिवाय ती येत नाही. दोन पावलांचा तर प्रश्न आहे.” बाईंचा आवाज जरा चढलाच.

तुळशीरामनं मान खाली घातली. “मग ऱ्हाऊ द्या. पुढल्या साली बघू.”

तो पायरीकडे वळला. पुढल्या साली वेणू धाकट्या भावाला काखेत घेऊन घरी बसलेली असणार, एवढं बाईंनाही कळत होतं.

“तुळशीराम.” गुरुजी दारात आले होते. “का येत नाहीस आत?”

तुळशीराम थांबला.

“मला बोलावलं न्हाई, गुरुजी.”

“बाईंनी आत्ताच बोलावलं.”

“ह्यांनी न्हवं. तवाच्या गुरुजींनी.” त्यानं खांबाला हात लावला. “दुसरीत हुतो. पाढा चुकला. म्हनले, कान धरून हितं उभा ऱ्हा, म्या बोलवीन तवाच आत यायचं. शाळा सुटली. ते इसरून घरला गेले. म्याबी गेलो.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“आलो की. हितंच उभा ऱ्हायलो. लई दिस येत हुतो. कुनी बोलावलंच न्हाई.”

बाईंना आधी हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

“अरे, ते गुरुजी तर कधीच वारले,” ठोंबरे गुरुजी हळू म्हणाले.

“व्हय. म्हंजे आता कोन बोलवायचं ऱ्हायलंच न्हाई.”

…

ठोंबरे गुरुजी दारातून बाहेर आले. खांबापाशी गेले. डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली. आणि दोन्ही हातांनी आपले दोन्ही कान धरून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

वर्गातली कुजबुज थांबली. खिडकीत माणसं गोळा झाली. गुरुजींचे हात काही खाली येत नव्हते.

“गुरुजी, ह्ये काय करताय? लोकं बघत्यात. आत जावा.”

“कसा जाऊ? मला कुणी बोलावलेलं नाही.”

“म्या सांगतोय न्हवं? जावा.”

“तूही बाहेरच आहेस, तुळशीराम.”

तुळशीरामनं गुरुजींकडे पाहिलं. मग दाराकडे. त्यानं पायातली चप्पल काढली, वेणूला कडेवर उचललं आणि रांगोळी चुकवत उंबरा ओलांडला. आत जाऊन तो मागं वळला.

“गुरुजी, या. या आत.”

गुरुजींनी कान सोडले. टोपी घातली. मुकाट्यानं आत येऊन बाकावर बसले, पोरांच्या ओळीत.

तबक हातात धरून बाई तशाच उभ्या राहिल्या. औक्षण करायचं त्यांना सुचलंच नाही. एवढं मोठं काही आपण आयुष्यात पाहिलेलं नाही, असं त्यांना वाटत होतं. तोंडपाठ भाषणातला एक शब्दही आठवत नव्हता.

वेणू बापाच्या कडेवरून आपणच खाली उतरली.

शाळा सुटल्यावर बाई आणि गुरुजी फुगे सोडवत होते. बाईंनी दिवसभर दाबून ठेवलेला प्रश्न विचारला.

“गुरुजी, आणि त्यानं बोलावलंच नसतं तर?”

“तर बाई, मी अजून तिथंच उभा असतो.”