बारकी आणि धुक्यातला चकवा

एकदा काय झालं, डोंगरातल्या एका गावात बारकी नावाची सून राहायची. भारी संशयी. दूधसुद्धा दोनदा हुंगायची, मग प्यायची. सासू म्हणायची, "ही आपल्या सावलीलाही विचारील, तू माझीच ना गं?"

श्रावणात बारकी रानभाजी खुडायला डोंगरावर गेली. डोक्यावर पानांचं इरलं, हातात विळा. आणि धुकं आलं, बरं का. आपलाच हात आपल्याला दिसेना. मग तिचा पाय घसरून मुरगळला. तिनं कारवीच्या दोन काठ्या पायाला लावल्या, पदर फाडून बांधल्या. मग इरल्याखाली बसून विळा दगडावर वाजवला. टण, टण, टण. थांबली. पुन्हा टण, टण, टण.

त्या धुक्यात चकवा राहायचा. त्याच्या हाकेमागं जो गेला, तो घरी आलाच नाही.

मग आईचा आवाज आला. "बारके, ये गं. वाट इकडं आहे."

बारकी मनात म्हणाली, आईला उंबरा चढवत नाही, ती डोंगर कशी चढली? बसून राहिली.

मग भाकरीचा वास आला. कुणी म्हातारा म्हणाला, "ये पोरी, शेकोटी पेटलीय."

थंडीनं तिचे दात वाजत होते. ती अर्धी उठलीसुद्धा. पण सारं रान भिजलेलं, याला कोरडं लाकूड कुठलं? पुन्हा बसली.

मग नवऱ्याचा, लिंबाचा आवाज आला. हुबेहूब. "राणी, ये ना. मी इथं उभा आहे."

बारकीला हसूच आलं. लिंबा, आणि राणी म्हणणार?

"पाय दुखतोय. तूच ये," ती म्हणाली.

आवाज गप्प झाला. चकव्याला बोलावता येतं, बरं का. जवळ येता येत नाही.

टण, टण, टण.

मग मागून हाक आली, "वाजवत राहा. जागची हलू नको, मी येतोय." आणि काट्यांना शिव्या देत कुणी आलं. बारकीनं विळा उगारला. "आधी हात दे."

हात गरम होता, खरबरीत होता.

"पटलं का?" लिंबा म्हणाला. "चकव्यातून वाचलो, तर तू मारशील."

मग धुकं विरलं. जिथून त्या तीन हाका आल्या होत्या, तिथं जमीनच नव्हती. चार हातांवर कडा, आणि खाली नुसती दरी.

लिंबानं तिला पाठुंगळी घरी आणलं. सासूनं दूध दिलं. बारकीनं ते दोनदा हुंगलं. या वेळी सासूच म्हणाली, "हुंग गं, आणखी एकदा हुंग." मग सगळे सुखानं राहिले.

आता मिटा डोळे. कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. सकाळ झाली की मीच जवळ येईन उठवायला.