घाटोघाटचा चावा

फार जुन्या काळी, नदीवर कासवं माल वाहायची तेव्हाची गोष्ट. आपल्या घाटावरून माल पुढे गेला की एक चावा आपला, अशी तेव्हा साऱ्या घाटांची रीत होती.

डोंगराकडच्या घाटावर तुटक्या दाताची एक खार राहायची. ती समुद्राकडच्या वानराला पपई पाठवायची आणि तो तिला नारळ, पण तिच्या हाती यायची ती रिकामी करवंटी. हिच्या आत असतं तरी काय, या विचाराने तिला चैन पडेना. शेवटी तिने सगळ्या घाटवाल्यांना नदीतल्या बेटावर बोलावलं.

"हे चावे बंद करू या," खार म्हणाली.

"करू या की," घूस म्हणाली. "माझा चावा तो केवढासा, तेवढा राहू द्या."

कोल्ह्याचं म्हणणं तेच, साळिंदराचंही तेच. खार मनातून चिडली.

इतक्यात वानर आला. "खारूताई, तुझी पपई फार कामाची हो. मी तिच्यातून पाणी पितो." त्याने पपईची वाळकी, पोकळ साल पुढे ठेवली.

"अरे, पपई आतून गोड असते."

"आत काही असतं?" वानराने नवलाने विचारलं.

खारीने साल उलटून पाहिली. देठापाशी सगळ्यात पहिला चावा होता, आणि त्यात खूण एकाच दाताची होती. तिने तोंड मिटून घेतलं. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"पुढच्या खेपेला कळेल तुला," ती हळूच म्हणाली. "माझा चावा आजपासून बंद."