नीळ आणि पिवडी

एका राज्यात एक राजकन्या भिंतीत अडकली होती. तिचे नाव कुंदमाला. तिने एका मांत्रिकाला लग्नाला नकार दिला, म्हणून त्याने तिला तिच्याच दालनाच्या भिंतीत कोंडले. जाताना तो दोन वाडगी ठेवून गेला. एकात नीळ, दुसऱ्यात पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग. म्हणाला, "तिच्या मनातला रंग चारी भिंतींना लावाल, तर ती बाहेर येईल. दुसरा लावाल, तर भिंतच होऊन राहील."

राजाला निळा रंग प्रिय. सगळा राजवाडा निळा. निळाच लावावा, असे प्रधानाने सांगितले. पण राजाचा हात धजेना. लेकीला कोणता रंग आवडतो, हे त्याने कधी विचारलेच नव्हते.

मग सोनबा रंगारी आला. त्याने दोन्ही रंग थोडे थोडे चुन्यात कालवले आणि भिंतीवर शेजारी शेजारी वीतभर ओढले. ओली नीळ मोराच्या मानेसारखी झळकली. राजा म्हणाला, "हाच लाव."

"ओल्या रंगाचं खरं मानू नये, महाराज. वाळू द्या. मग तीन वेळा बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी निळा प्रसन्न दिसला, पिवळा मिळमिळीत. दुपारी पिवळा डोळ्यांत खुपला, निळा सावलीसारखा निवांत. प्रधान हसला. "सोनबा, तुझी पिवडी दोनदा हरली. आता काय बघायचं राहिलं?"

सोनबा खिडकीकडे वळला. खिडकीत राजकन्येची साळुंकी बसली होती. त्याने तिला विचारले, "बाई, तुझी धनीण या खोलीत कधी बसायची?"

"दिवेलागणीला," साळुंकी म्हणाली. "दिवसभर ती बागेत असे."

सोनबा थांबला. दिवेलागणीला त्याने समई लावली. निळा पट्टा विहिरीसारखा काळा झाला. पिवळ्याने मात्र एवढीशी ज्योत अंगावर घेतली आणि खोलीभर पसरली.

"पिवडी," सोनबा म्हणाला.

"मला निळा आवडतो," राजा हळूच म्हणाला.

"खोली तिची आहे, महाराज."

 मग राजाने स्वतः कुंचला उचलला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून चारी भिंती रंगवल्या. समई लागली, शेवटचा कोपरा वाळला, मांत्रिकाची वाडगी तडकली आणि कुंदमाला बाहेर आली. वेणीला चुना लागला होता. तिने उजेडाकडे डोळे भरून पाहिले. मग सोनबाकडे उरलेली नीळ मागितली आणि दाराशी वीतभर पट्टा ओढला.

"आबासाहेब आले की इथे बसतील," वडिलांकडे बघत ती म्हणाली.

त्या घरी जसा उजेड पडला, तसा ऐकणाऱ्यांच्या घरीही पडो.