वैशाख पाहिलेली थापी

भिंतींनाही बोलता येत होतं, त्या काळी सोमाजी गवंड्याकडे एक थापी होती. एका वैशाखात भिंतीवरचा ओला गिलावा घोटून गुळगुळीत करायला तिला जरा उशीर झाला, तेवढ्यात उन्हाने तो दगडासारखा घट्ट झाला. सोमाजीला तो दिवसभर खरवडून काढावा लागला. तेव्हापासून थापीचा जीव सतत टांगणीला.

पुढे पौषात, एका ढगाळ सकाळी सोमाजीने भिंतीला गिलावा चढवला. थापी लगेच तळमळायला लागली. "थांब, घोटते तुला. नाहीतर वाळशील!"

"अगं, मी अजून नुसता लगदा आहे," गिलावा म्हणाला. "गारठ्यात मला वेळ लागतो."

"वैशाखात मी थांबले आणि फसले!" म्हणत थापी सोमाजीचा हात ओढतच भिंतीवर फिरली. गिलावा धपकन खाली आला.

सोमाजीने पुन्हा गिलावा चढवला. या वेळी थापी घमेल्यात ठेवून त्याने भिंतीवर अंगठा दाबला. तो खोल रुतला. थापी घमेल्यात चुळबुळत राहिली. दिवस कलल्यावर त्याने पुन्हा दाबून पाहिलं, तेव्हा अंगठा कोरडा निघाला. मग कुठे थापी भिंतीवरून अलगद फिरली.

"एवढा वेळ काय करत होतीस?" गिलाव्याने विचारलं.

"वैशाख विसरत होते."